आम्ही म्हणे कामगार नाही

अजून आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते.

मी सातपूरच्या एका कंपनीत वाइंडिंगला होते, म्हणजे मोटारींना तांब्याची तार गुंडाळायचं काम. दिवाळी तोंडावर असताना कंपनी गेटला कुलूप लावून मोकळी झाली. आम्ही नाटकवाल्यांनी मात्र एकमेकांना सोडलं नाही. दरवर्षी कारखान्यांची नाट्यस्पर्धा व्हायची आणि त्यात आमच्या कंपनीचं नाटक ठरलेलं. मला कायम शेजारीण नाहीतर मोलकरीण. का? तर मी दुसऱ्या पाळीत. तालमी संध्याकाळी, म्हणून मुख्य बाई पहिल्या पाळीतलीच लागायची. अभिनय बघून नव्हे, पाळी बघून भूमिका! आता सगळेच रिकामे, आणि त्या वर्षी मुख्य बाई मी. नवरा म्हणाला, "नोकरी गेल्यावर बरी बढती मिळाली तुला." मीही हसले. पण मला ती भूमिका हवी होती, अगदी मनापासून हवी होती.

तालमीला जागा नव्हती. आमच्या वसाहतीतलं नाट्यगृह कितीतरी वर्षं बंद पडलेलं. सोसायटीवाल्यांनी किल्ली दिली ती "बघा काय होतंय तर" असं म्हणत. दार उघडलं आणि घाणीनं जीव नकोसा झाला. पारवे, उंदीर, खुर्च्यांचे नुसते सांगाडे. आमच्यातला पेठ तालुक्याकडचा फिटर, सगळे त्याला दादा म्हणायचो, आत डोकावून म्हणाला, "लय बेकार काम हाय ताई. पण आपल्याला तरी दुसरं काय काम हाय?" आणि त्यानं बाह्या सरसावल्या. त्यानं खुर्च्या वेल्डिंग केल्या, मी पंख्यांच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरली, बाकीच्यांनी रंगमंचाच्या वाळवी लागलेल्या फळ्या बदलल्या. दुपारी त्याच धुळीत बसून भाकरी खायची आणि लगेच तालीम. आयुष्यात पहिल्यांदा सगळी पात्रं एकाच वेळी तालमीला हजर होती!

हॉल उभा राहिला तशी बातमी स्पर्धावाल्यांपर्यंत गेली. यंदाची स्पर्धा इथंच, त्यांनी ठरवूनही टाकलं. आम्ही पेढे वाटले हो! आणि नाव द्यायला गेलो तर त्यांचा साहेब विचारतो, "सध्या कुठल्या कंपनीत?"

"कंपनी बंद झाली ना साहेब."

"मग कसं जमणार ताई? स्पर्धा कामगारांची आहे. तुम्ही आता कामगार नाही."

दादा भडकला. "कामगार नाय तर काय आमी सावकार हाय?"

साहेब थंड. वर म्हणतो कसा, "हॉल मात्र झकास केलात हं. स्पर्धेला पडदा आणि लाइट तुम्हीच सांभाळा, तुम्हाला सवय आहे."

लाज कशी वाटत नाही या लोकांना? आम्ही घासूनपुसून काढलेल्या रंगमंचावर आम्हीच परके! घरी येऊन मी भांडी अशी आपटली की शेजारीण बघायला आली. दादा म्हणाला, हॉलला कुलूप घालू, बसा बोंबलत. पण पुन्हा कुलूप? कंपनीच्या गेटवरचं बघून मन भरलं नव्हतं का? मी नको म्हणाले, पडदा मीच सांभाळते म्हटलं.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी मी विंगेत पडद्याच्या दोराशी उभी होते. तिसरी घंटा झाली. माझा हात उचलेचना. साहेब धावत आला. "अहो ताई, पडदा!"

"पडदा उघडणं हे काम आहे साहेब. कामं कामगार करतात. मी कोण?"

त्याचा चेहरा असा पडला, खरं सांगते, मला फार बरं वाटलं. बाहेर शिट्ट्या सुरू झाल्या. "असं करू नका हो, पाहुणे बसलेत."

"बसू देत. माइकवर जा आणि सांगा, हे थिएटर कामगारांनी उभं केलंय. मग उघडते."

तो घाम पुसत जागचा हलेना. मीही हलले नाही.

तेवढ्यात पहिल्या नाटकातली मुख्य बाई, अंबडच्या कुठल्याशा कारखान्यातली विशीतली पोरगी, नऊवारी सावरत माझ्याजवळ आली. "काकू, ओढा ना. नाटक संपलं की तशीच दुपारपाळीला पळायचंय. उशीर झाला तर उद्यापासून येऊ नको म्हणतील."

साहेबाकडे मी पाहिलंसुद्धा नाही. तिला नाटक करून कामावर जायचं होतं. मला कुठंच जायचं नव्हतं. मी दोर ओढला.