बाण न काढणारी पेंटरबाई

गावातल्या निम्म्या पाट्या तिच्या हातच्या. दवाखाना, सलून, पिठाची गिरणी, शाळेचं फाटक, जिकडे पाहावं तिकडे तिचंच वळणदार अक्षर. लोक तिला पेंटरबाई म्हणायचे. दुकानात टर्पेंटाइनचा वास एवढा, की गिऱ्हाईक उंबऱ्याबाहेरूनच बोलायचं. त्यात तिची जीभ तिखट, त्यामुळे घासाघीस करायला सहसा कोणी थांबत नसे.

डोंगरमाथ्यावर कातळाच्या भेगांत एक निळं फूल उगवायचं. ते दुसरीकडे कुठेच सापडत नाही, असं संशोधकांनी सांगितलं आणि पेपरात त्याचा फोटो झळकला. मग काय, माणसांची रीघच लागली. फुलांत लोळून फोटो काढले, कुंडीत लावायला रोपं मुळासकट उपटून नेली. पुढच्या मोसमात पेंटरबाई वर गेली, तर कातळ जागोजागी उघडाबोडका. खाली आली ती धुमसतच.

तिचा धाकटा दीर लॉज चालवायचा आणि गावच्या पर्यटन समितीचा अध्यक्षही तोच. त्याने पाट्यांचं काम आणलं.

"वहिनी, झकास फूल काढा आणि खाली मोठा बाण. बाजारातून माथ्यापर्यंत कोणी वाट चुकायला नको."

तिने फुलं अशी काढली, की हात लावून बघावंसं वाटावं. दीर खूश झाला आणि मग थबकला.

"बाण राहिला की!"

"राहिला नाही भाऊजी, काढलाच नाही. काढणारही नाही."

"घरचंच माणूस पाय ओढायला लागलं तर आम्ही बघायचं कुणाकडे?"

"लॉजची पाटी फुकट रंगवून देते. पण त्या फुलांवर माणसं सोडायचं काम माझ्या ब्रशने होणार नाही."

दीर तणतणत निघून गेला. थोड्याच दिवसांत लाल बाणांचे छापील फ्लेक्स रस्तोरस्ती लटकले. पेंटरबाईने बाजार भरायची वाट पाहिली आणि भर गर्दीत शिडी खांद्यावर घेतली. तिचा नवरा दवाखान्यात कंपाउंडर, कुणाच्या अध्यात ना मध्यात. हातातला चहा तसाच ठेवून तो उठला.

"एकटी चढू नकोस. शिडी मी धरतो."

तिने एकेक बाण काळा केला. खाली लिहिलं, 'वर जाऊ नका. फूल संपत चाललंय.' त्याखाली ठसठशीत सही. हवालदार धापा टाकत आला.

"हा उद्योग कोणाचा?"

"खाली सही आहे. अक्षर लागत नसेल तर वाचून दाखवते."

लोक खो खो हसले. हवालदारानेही हसू लपवायला तोंड फिरवलं.

समितीने तिला बोलावलं. माफी माग, म्हणाले.

"मागायचीच तर तुम्ही मागा, त्या फुलाची. मी नाही मागत."

गावातलं काम बंद झालं. रोज हाक मारणारे दुकानदार तिला पाहून शटरशी खटपट करायला लागले. पण बोभाटा पेपरापर्यंत गेला होता. वनखात्याने माथ्याला कुंपण घातलं, राखणदार नेमला.

आता ती कामासाठी बसने शेजारच्या गावी जाते. मांडीवरच्या डब्यांच्या वासाने प्रवासी नाक मुरडतात, ती खुशाल खिडकी उघडते. सुट्टीच्या दिवशी नवरा सोबत असतो. दीर अजून बोलत नाही.

यंदा राखणदार मुद्दाम त्या गावी तिला सांगायला आला. "नव्या भेगांतही फूल आलंय, बाई. चला, दाखवतो. तुम्हाला कोण अडवणार?"

"तूच अडवायचंस! बंदी म्हणजे बंदी," ती त्याच्यावर खेकसली आणि समोरच्या शटरवरचं अर्धं अक्षर पुरं करायला वळली.