बंदुकीच्या अर्जावर मावशीची सही

माझी मावशी जन्माची भित्री. रस्ता ओलांडताना डावीउजवीकडे बघून झालं की ती एकदा वरही बघते. आम्ही 'भित्यापाठी ब्रह्मराक्षस' म्हणून चिडवायचो. ती म्हणायची, "चिडवा, चिडवा. अजून जिवंत आहे ना मी?" तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत ती कपडे दुरुस्त करते. पँट आखूड करायची, कोटाचं अस्तर बदलायचं, चेन बसवायची. शिलाई मशीन शेजाऱ्यांच्या भिंतीला लावलंय, कारण खिडकीचा उजेड तिथेच पडतो.

त्या भिंतीपलीकडे एक ट्रक ड्रायव्हर आणि त्याची बायको राहतात. ड्रायव्हर जिन्यात भेटला की मावशीची पिशवी वर आणून देतो. पण तो घरी असला की भिंतीतून आवाज येतात. आधी त्याचा, मग काहीतरी आपटल्याचा, मग कुणाचाच नाही.

एके दिवशी दुपारी एक चौकशी अधिकारी आला. ड्रायव्हरने बंदुकीच्या परवान्यासाठी अर्ज केला होता आणि त्यात द्याव्या लागणाऱ्या दोन शेजाऱ्यांच्या नावांत एक मावशीचं होतं. मी नेमका तिथेच होतो. अधिकारी माणूस सरळ वाटला.

"त्यांना रस्त्यात दोनदा लुटलंय, बाई," तो म्हणाला. "गुन्हा नाही, आजार नाही. नुसत्या कुजबुजीवर मी कुणाचा हक्क अडवू शकत नाही. तुम्ही स्वतः पाहिलं-ऐकलं असेल तेवढं लिहा. आणि हो, अर्ज नाकारला गेला तर कुणी काय लिहिलं हे बघायचा त्यांना अधिकार आहे."

मावशीचा चेहरा पांढराफटक पडला. तिने माझ्याकडे पाहिलं.

आता माझं सांगतो. तरुणपणी माझी ठरलेली नोकरी एका शेजाऱ्याच्या एका वाक्यावर गेली होती. 'मुलगा रात्री फार उशिरा घरी येतो.' मी रात्रशाळेत जायचो. ते वाक्य कुणाचं, हे मला बारा वर्षांनी कळलं. म्हणून तो नियम मला पटतो, आजही पटतो. बोट दाखवणारा कोण, हे समोरच्याला कळलंच पाहिजे. पण खरं सांगू? त्या दिवशी मला तत्त्वबित्त्व काही सुचलं नव्हतं. मावशीच्या जिवाची भीती वाटली, आणि तत्त्व मी नंतर त्या भीतीवर पांघरलं.

"तू डोळ्यांनी काही पाहिलंयस का?" मी तिला आत नेऊन विचारलं. "नाही ना? मग कशाला नसत्या भानगडीत पडतेस!"

तिने लिहिलं, 'स्वभावाने चांगले आहेत. काही तक्रार नाही.' आणि खाली सही केली. अधिकारी गेल्यावर ती पुन्हा मशीनवर जाऊन बसली. मी मात्र 'सुटलो बुवा एकदाचे' म्हणून चहा टाकला.

पुढचं मावशीने मला नंतर सांगितलं. तीन आठवड्यांनी ड्रायव्हरची बायको स्वतःचा कोट घेऊन आली. बाही खांद्यापासून उसवली होती. मावशी टाचण्या लावत असताना ती म्हणाली, "परवाना आला. शनिवारी बंदूक आणणार आहेत." मग जरा थांबून म्हणाली, "अर्ज मीच भरला होता, काकू. त्यांना लिहायचा कंटाळा. शेजाऱ्यांत तुमचं नाव मी घातलं. म्हटलं, काकूंना सगळं ऐकू येतं."

मावशीच्या तोंडात टाचण्या होत्या. तिने त्या एकेक करून डबीत टाकल्या.

"राग नाही हं माझा," ती बाई म्हणाली. "भीती मला कळते."

बँकेत जायचं तरी मला बोलावणारी मावशी दुसऱ्या दिवशी एकटी परवाना कचेरीत गेली. कारकुनाने तिला समजावलं, "बाई, आधीचं खरं नव्हतं असं लिहून दिलंत तर दिलेला परवानाही लगेच थांबेल. पण त्यांना नोटीस जाईल, तुमच्या नावानिशी, तुमच्या शब्दांसकट. त्यांनाही बाजू मांडू द्यावी लागते."

"बरोबरच आहे," मावशी म्हणाली. "द्या कागद."

तासभर ती लिहीत होती. कानांनी ऐकलं तेवढंच लिहिलं, दिवस-वार आठवून. डोळ्यांनी काहीच पाहिलं नाही, हेही लिहिलं. पहिली सही आधीच्या सहीशी जुळेना, म्हणून कारकुनाने ती दोनदा करून घेतली. घरी येऊन तिने आधी त्या बाईला सगळं सांगितलं. ती बाई काल एक पिशवी घेऊन बहिणीच्या गावी गेली.

मावशीला मी माझ्याकडे चल म्हणून हातापाया पडलो. ऐकेल तर शपथ. "तिला पत्ता माझाच ठाऊक आहे," ती म्हणते. "परत आली तर दार कोण उघडणार?" मला तिचा संताप येतो, आणि स्वतःची लाज वाटते. मला इतकी भीती आयुष्यात कधी वाटली नव्हती.

नोटीस आज पोचायची आहे, म्हणून मी सकाळपासून इथे येऊन बसलोय. मघाशी खाली पोस्टमन येऊन गेला. आता जिन्यात जड बूट वाजतायत, सावकाश, एकेक पायरी. शेजारच्या दाराशी ते थांबले नाहीत.