फळ्यावरचे किलो

माझी पुतणी पोलीस भरतीच्या तयारीसाठी रोहण्याहून आमच्या बोरगाव मेघेच्या घरी राहायला आली, आणि नालवाडीच्या त्या अकादमीत तिला मीच नेऊन घातलं. हे आधी कबूल केलेलं बरं.

अकादमी म्हणजे पत्र्याचं शेड, दोन आरसे आणि एक पांढरा फळा. सर नागपूरचे, एवढ्याशा शेडमध्येही गळ्यात शिट्टी. फळ्यावर प्रत्येकाचं नाव आणि पुढे खांद्यावर किती किलो घेऊन बैठक मारली तो आकडा. रविवारी ज्याचा आकडा सर्वांत वर, त्याला शाल आणि नारळ. देणारा पाहुणा दर वेळी नवा, आणि प्रत्येक जण कॉलेजात असताना आपले दंड केवढे होते ते सांगून जायचा.

मी खुर्ची टाकून पाहत बसायचो. हळूहळू लक्षात आलं, आकडा वाढेल तशी बैठक आखूड होते. पहिल्या महिन्यात पोरं शेतात निंदायला बसावं तशी पार खाली जायची. दुसऱ्यात एसटीच्या सीटवर टेकावं इतकी. तिसऱ्यात तर वाकून नमस्कार केल्यासारखं करून उठत, आणि सर टाळ्या वाजवत. गुडघे आत वळत, टाचा उचलल्या जात; त्याची नोंद करायला फळ्यावर रकाना नव्हता. आधी हालचाल नीट, मग वजन, हे व्यायामाचं कुठलंही जुनं पुस्तक सुरुवातीलाच सांगतं. सरांकडे पुस्तक नव्हतं, मोबाइलचा स्टँड होता.

एक दिवस पुतणी म्हणाली, "सर, गुडघा आतून दुखते."

"दुखणारच ना बेटा. ताकद येऊन राह्यली."

"गुडघ्यातच काऊन येते सर? मांडीले तर पत्ता नाई तिचा."

मागची पोरं हसली. सरांनी पाच किलो वाढवले.

मी गप्प राहिलो. फळ्यावर तिचं नाव दुसऱ्या नंबरावर होतं आणि ते मी गल्लीत चार घरी सांगून बसलो होतो. दीड महिन्यावर मैदानी चाचणी, आठशे मीटर धावायचं, आणि ती जिना उतरताना कठडा धरू लागली. तरी मी रोज खुर्ची टाकून बसतच होतो. दिखाव्याचा आपल्याला तिटकारा आहे, असा माझा समज होता.

पुढच्या रविवारी पाहुणे येऊन बसले, शाल घडी मोडून तयार. तिची पाळी आली. तिने दांड्यावरची वजनं एकेक करून उतरवली, नुसता दांडा खांद्यावर घेतला आणि पार खाली बसली. टाचा जमिनीवर, गुडघे पंजांच्या रेषेत. पाचच बैठका मारल्या. शेवटच्या दोन बैठकांना पाय थरथरले.

"आता फळ्यावर काय लिहू?" सरांनी विचारलं.

"काई नका लिहू. नाव पुसलं तरी चालते सर. मले मैदानावर पळायचं हाये."

पाहुण्यांना काही कळलं नाही, म्हणून त्यांनी टाळ्या वाजवल्या. शाल एका नमस्कारवाल्याला गेली.

आता ती आमच्या गच्चीवर खराट्याचा दांडा खांद्यावर घेऊन बैठका मारते. मागे टोमॅटोचं रिकामं कॅरेट उपडं ठेवलेलं. त्याला टेकल्याशिवाय उठायचं नाही. मी समोर बसून गुडघे पाहतो. महिना उरला आहे. तेवढ्यात गुडघा सुधारेल की नाही, मला माहीत नाही.

"काका, आत गेला?"

"उजवा. थोडासा."

"मंग ती बैठक मोजू नका," ती म्हणते, आणि पुन्हा खाली जाते.