वाकड्या झाडापाशी मर्टल

नदीच्या त्या वळणावर आली की मर्टल तोंड पाण्याकडे फिरवायची. साठाहून जास्त वर्षं फिरवत आली होती. लहानपणी आईने बोट धरून शिकवलं होतं, इथे बघायचं नाही, बघितलंस तर ती मागोमाग घरी येतात. ती म्हणजे गोऱ्या पाद्र्यांच्या मिशनच्या दिवसांत गोवराच्या साथीत गेलेली पोरं. वाकड्या झाडाखाली पुरलेली, उशाशी साधा दगडसुद्धा नाही. हे जाणणारी वारांगी गावात आता ती एकटीच उरली होती. आणि ज्याचं नावच काढायचं नाही, ते ती सांगणार तरी कुणाला?

संस्कृती-केंद्रासाठी गावाने बारा वर्षं अर्ज केले. शहरातल्या संग्रहालयात काचेमागे पडलेली मर्टलच्या आजीची गवताची टोपली तिथे परत यायची होती. शेवटी मंजुरी मिळून जागेचा मोजणीवाला आला तेव्हा वडीलधारी म्हणून हद्द दाखवायला मर्टलच गेली. तो खुंट्या ठोकत पुढे, ही "हो, हो" म्हणत मागे. वळण आलं तसं सवयीने तिचं तोंड नदीकडे वळलं. खुंट्या कुठवर गेल्या ते तिने पाहिलंच नाही.

ते कळलं पाया खणायच्या दिवशी, सकाळच्या चहाला. भावजय नोला वरच्या नदीकडची, लग्न होऊन इथे आलेली. मोडलेला पाय प्लास्टरमध्ये घालून ओसरीवर बसली होती. राखेत भाजलेल्या भाकरीचा तुकडा चहात बुडवत ती म्हणाली, "काय वन्सं, टोपलीला सावली हवी म्हणून वाकडं झाडही आत घेतलंत वाटतं. पार त्याच्या मुळाशी खुंटी आहे म्हणे."

मर्टलचा चहा मांडीवर सांडला. चटका बसल्याचंही तिला कळलं नाही.

तेवढ्यात नदीकडून यंत्राची घरघर सुरू झाली. जागा शुद्ध करायला, हिरव्या पाल्याचा धूर करायला गाव दहा वाजता जमणार होतं, पण यंत्र चालवणाऱ्या तिच्या जावयाने ऊन चढायच्या आत कामाला हात घातला होता. आणि त्यांच्या रीतीत सासूने जावयाशी बोलायचं नसतं. समोरासमोर यायचं नाही, नजर द्यायची नाही, निरोप काय तो मुलीमार्फत. मुलगी जोएलीन गेली होती पलीकडच्या काठाला, दवाखान्यात.

"अहो, हाक मारा की त्याला," नोला बोलून गेली आणि तिने स्वतःचीच जीभ चावली.

मर्टल निघाली. तोंडाने "प्रभू, प्रभू" एवढंच चाललेलं. आपण जास्त कुणाला भितोय ते तिला कळेना. त्या पोरांना, जावयासमोर जायला, की आपल्या एका 'हो'ने सगळं मातीत घातलं म्हणणाऱ्या गावाला?

यंत्राचा हात वर उचललेला होता. तिने रुमाल कपाळावर ओढला, यंत्राकडे पाठ केली आणि झाडाच्या अलीकडे, खुंटीजवळ डोळे मिटून बसली. जमीन थरथरत होती. ओरडायची सोय नव्हती. धुरळ्यात त्याला आपण दिसलोच नाही तर? मागे लोखंड, खाली पोरं. ती तशीच बसून राहिली.

घरघर थांबली.

लोखंडी दार वाजलं आणि बुटांचा आवाज घाईघाईने लांब लांब गेला. सासू बसली आहे तिथे जावई थांबत नाही. पाठीवरूनच त्याने ओळखलं होतं.

तासाभराने जोएलीन धापा टाकत आली. नवरा शेडमागे उभा होता, त्याला काही कळेना झालं होतं. "आई, तो विचारतोय, मग खणू कुठे?"

"इथे नाही."

"का गं?"

"आपली माणसं आहेत इथे."

जोएलीन तिच्याशेजारी बसली. म्हणाली, "मग आता नीट बघून सांग. पुन्हा चुकायला नको."

नीट बघून. मर्टलने जन्मात पहिल्यांदा त्या बाजूला तोंड केलं. वाळलेलं गवत, मुंग्यांची वारुळं, आणि गवतात ओळीने लहान लहान खळगे. किती लहान. तिने मोजले नाहीत. एकेक खुंटी स्वतःच्या हाताने उपटली आणि चाळीस पावलं अलीकडे नेऊन ठोकली.

घरी आल्यावर तिने डब्यात हिरवा पाला पेटवला आणि धुरात उभी राहिली. मागे वळली नाही.

"आलात का मागे?" ती हळूच म्हणाली. "जा बाळांनो, परत जा. तुमच्या अंगणात आता कुणी येणार नाही."

दाराची कडी मात्र घट्ट लावली. तिने ती दोनदा ओढून पाहिली.