समोरच्या चौकीला ठेवलेली नावं

आमच्या साखर कारखान्याच्या गेटवर सिक्युरिटीला आम्ही चौघं, चौघंही फौजेतून रिटायर झालेले. गाळप सुरू झालं की उसाच्या गाड्यांची रांग लागते. ड्रायव्हर लोक खाली उतरून आमच्यापाशी टेकतात आणि कुणीतरी विचारतंच, "लढाईत समोरच्याला काय म्हणायचे हो तुमी?" झालं. पुढची गाडी हलेपर्यंत एक किस्सा होतो, आणि गाड्या काही लवकर हलत नाहीत.

*

आमच्यातले रंगनाथआबा सुभेदार होते. त्यांच्या चौकीसमोर नाला, नाल्यापलीकडं दुश्मनाची चौकी. तिथला एक मिशीवाला हवालदार रोज सकाळी चहाचा मग घेऊन दगडावर बसायचा आणि इकडं बघून तोंड वाकडं करायचा. आबांनी नुकतंच थोरल्या मुलीचं लग्न लावून दिलं होतं. दुर्बिणीतून बघत ते म्हणाले, "हुबेहूब आमचे व्याही. कितीबी करा, मन भरत न्हाई."

तेव्हापासून पलीकडचे सगळेच व्याही. गोळीबार सुरू झाला की फोनवर निरोप जायचा, "व्याही रुसले."

*

कॅप्टनसाहेब पंजाबचे. त्यांना वाटलं, हा मराठा लोकांचा कोडवर्ड आहे. तेही ऑर्डर द्यायला लागले, "व्याही पर नजर रखो."

पुढं धाकटीच्या लग्नाला साहेब माजलगावला आले. आबांनी एका फेटेवाल्या गृहस्थांना कौतुकानं पुढं आणलं, "साब, ये हमारे नये व्याही."

साहेबांचा चेहराच बदलला. आबांना मांडवाच्या कडेला घेऊन हळूच म्हणाले, "सुभेदार साब, इनको अंदर किसने आने दिया?"

*

आमच्यातल्या शेखमामूंची चौकी दुसरीकडं. तिथं वारा फिरला की पलीकडच्या भटारखान्यातून जळक्या डाळीचा वास यायचा. मामू म्हणायचे, "इनकी दाल रोज करपती." म्हणून तिथं दुश्मनाचं नाव पडलं करपे.

मग परळीहून एक नवा जवान आला. आडनाव करपे. कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

एका सकाळी दाट धुकं होतं. हा डबा घेऊन उतारावर गेला. पहाऱ्यावरच्यानं फोन केला, "नीचे झाडी में एक करपे बैठा है." सगळी चौकी बंदुका घेऊन आडोशाला. मामू ओरडले, "हात ऊपर कर, नहीं तो गोली मारूंगा."

धुक्यातून आवाज आला, "मामू, एकच वर हुईल. दुसऱ्यात डबा हाय."

*

आता हा माझ्या डोळ्यांसमोरचा. आमच्यातला चौथा बबन, लिंबागणेशकडचा, तेव्हा माझ्याच खंदकात होता. त्याला कशालाही हाक मारा, त्याचं उत्तर ठरलेलं, "कावून बे?", म्हणजे का रे. जेवायला बोलवा, "कावून बे?" आवाज असा की डोंगरावर आदळून परत यायचा.

एकदा तोफगोळा जवळ पडला आणि बबनच्या खांद्यात छर्रा घुसला. त्याला हॉस्पिटलात नेलं. नंतर गोळीबार थांबला, दिवाळी आली. नाल्यावरच्या पुलावर दोन्हीकडच्यांनी एकमेकांना मिठाई द्यायची होती. बॉक्स माझ्या हातात होता. समोरच्या पिकल्या दाढीच्या जवानानं तो घेतला आणि हळू आवाजात विचारलं, "वो कावून ठीक है?"

मला काही कळेना.

"जो दिनभर चिल्लाता था. हम तो आप सबको कावून ही बोलते हैं. बहुत दिन से उसकी आवाज नहीं आई."

"अस्पताल में है," मी म्हणालो. "ठीक हो जाएगा."

त्यानं मान हलवली.

बबन परत आल्यावर मी त्याला हे सांगितलं. छर्ऱ्याचा आला नसेल एवढा त्याला याचा राग आला. "सगळ्या पलटणीला माझ्यावरनं नाव ठेवलं व्हय त्यांनी?" हात गळ्यात बांधलेला, तसाच तो नाल्याच्या कडेला जाऊन उभा राहिला आणि पलीकडं तोंड करून ओरडला, "कावून बे?"

मग नाल्यापलीकडून, अगदी वेड्यावाकड्या उच्चारात, आवाज आला, "कावून बे?" त्यामागून दुसऱ्याचा. मग तिसऱ्याचा.

बबन खाली बसला आणि एका हातानं बुटाची नाडी बांधायला लागला. नाडी बांधलेलीच होती.