शेजारच्या खाटेवरची बाई

लातूर जिल्हा नवा झाला होता, पण त्या वर्षीच्या दुष्काळात दवाखान्याच्या नळाला पाणी नव्हतं. लकवा मारल्यापासून माझ्या बायकोला गिळता येईना, म्हणून नाकातून पोटात नळी घातली होती. औषध त्यातूनच द्यायचं.

शेजारच्या खाटेवर एक बाई आपल्या सासूला तसंच औषध द्यायची. नाव मी कधी विचारलं नाही. दोन चमच्यांत दाबून ती गोळीचं पीठ करायची, पाण्यात कालवून फडक्यातून गाळायची आणि औषध गेलं की वरून घोटभर साधं पाणी नळीत सोडायची. मला ती उधळपट्टी वाटायची. आमच्या गावात भांडी धुतलेलं पाणीही कुणी टाकत नव्हतं. वरचं पाणी मी वाचवलं.

तिसऱ्या दिवशी औषधाचं पीठ आत चिकटून नळी तुंबली. नर्सनं ती ओढून नवी घातली, तेव्हा बायकोच्या नाकातून रक्त आलं. तिनं लकव्यातून वाचलेल्या हातानं माझं मनगट घट्ट धरलं.

ती बाई म्हणाली, "काटकसर करायला बायकोचं पोटच घावलं का, मामा?" त्यानंतर आपल्या कळशीतलं पाणी ती आम्हालाही द्यायची.

आठ दिवसांनी बायको गेली. मी त्या बाईला विचारलं, "माझ्यामुळं गेली का?"

गोळी दाबतच ती म्हणाली, "मरण तुमच्यामुळं न्हाई आलं. तरास मातर तुमच्यामुळंच झाला."

भेटायला आलेले सगळे 'सुटली बिचारी' म्हणत होते. खरं ती एकटीच बोलली. तिच्यावरचा राग माझ्या मनातून अजून जात नाही.