अडकलेल्या प्रोग्रामचे मार्क

चाकणच्या पुढे, कंपन्यांच्या शेड संपतात तिथे एक इंजिनिअरिंग कॉलेज आहे. गेटवर कारंजं, आत काचेची इमारत, आणि शिकवणारे निम्मे लोक तासिका तत्त्वावर. दीपमाला त्यातलीच एक. ऑपरेटिंग सिस्टीम हा विषय ती बरीच वर्षं शिकवत होती आणि दर जूनमध्ये आपल्याला पुन्हा घेतात की नाही याची धास्ती घेऊन जगत होती. तिचे वडील ज्योतीराम धाराशिवकडून आले आणि भोसरीत प्रेस मशीनवर राबले. कासारवाडीच्या दोन खोल्यांत पोरगी एम.ई. झाली तेव्हा त्यांनी गल्लीभर पेढे वाटले. पोरगी प्राध्यापक आहे असं ते भेटेल त्याला सांगतात. कायम झाली का, असं कुणी विचारलं की मात्र विषय बदलतात.

या विषयाचा अभ्यासक्रम कागदावर मोठा देखणा. प्रॅक्टिकल, जर्नल, तोंडी परीक्षा, कशाला म्हणून कमी नाही. प्रत्यक्षात सीनियरच्या फाइली व्हॉट्सअ‍ॅपवर फिरायच्या, झेरॉक्सच्या दुकानात त्यांचे प्रिंट निघायचे, आणि सबमिशनच्या आठवड्यात मुलं सह्यांसाठी रांग लावायची. ग्रंथालयातलं एकुलतं एक बरं पुस्तक कपाटात कुलूपबंद, का तर दिलं तर हरवेल! लॅबमधल्या निम्म्या मशीनवर या विषयाला लागणारी लिनक्स ही प्रणालीच चालत नव्हती. दीपमालाने सुट्टीचे दिवस घालवून ती स्वतः घातली. विभागप्रमुख शेखर सर "वा, छान" म्हणाले आणि तपासणी समितीच्या अहवालात त्यांनी ते विभागाचा उपक्रम म्हणून लिहून टाकलं. दीपमालाचं नाव घालायला बहुधा जागा उरली नसावी.

एका वर्षी फाइली तपासताना तिचं डोकंच फिरलं. अख्ख्या वर्गाच्या आउटपुटवर, पहिल्याच ओळीत, एकच नाव होतं: सिद्धेश. हा सिद्धेश केव्हाच पास होऊन हिंजवडीला नोकरीला लागला होता. त्याने आपल्या कॉम्प्युटरवर प्रोग्राम चालवला म्हणून त्याचं नाव तिथे उमटलं होतं, आणि वरचं नाव तरी खोडावं एवढीही तसदी कुणी घेतली नव्हती. दीपमालाला आधी हसू आलं, मग रडूच फुटायचं बाकी राहिलं. इतकी वर्षं आपण नक्की कुणाला शिकवतोय, असं तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशी तिने वर्गात जाहीर केलं, "यापुढे प्रोग्राम आपला आपण लिहायचा. अडकला तरी चालेल. का अडकला ते लिहून आणा, मी त्याचे मार्क देईन. हा माझा शब्द."

तो धडाही अडकण्याचाच होता. एकाच वेळी चालणारी कामं एकमेकांची वाट बघत बसतात, हातातलं कुणीच सोडत नाही, आणि सगळंच ठप्प होतं. चाकणच्या चौकात चारी बाजूंनी ट्रक घुसतात आणि मागे कुणीच घेत नाही, तसं, असं तिने सांगितलं. वर्ग हसला, कारण त्यांच्यातले निम्मे त्याच चौकातून उशिरा येत.

शब्द खरा मानला तो एकट्या सुप्रियाने. शेजारच्या गावातली शेतकऱ्याची पोर ती. घरातली पहिलीच कॉलेजात आलेली. तिचा प्रोग्राम कधी नीट चालायचा, कधी मध्येच गप्प बसायचा. का गप्प बसतो ते तिने दोन पानं भरून लिहिलं होतं, खाडाखोड करत, पण अगदी बरोबर. दीपमालाने ती पानं पुन्हा पुन्हा वाचली. त्या दिवशी ती घरी फार आनंदात गेली.

मग प्रॅक्टिकलची परीक्षा आली. बाहेरचे परीक्षक शेखर सरांचे जुने दोस्त. त्यांना जेवणाच्या आत सगळं उरकायचं होतं. शेखर सरही तिथेच खुर्ची टाकून बसले होते. सुप्रियाने प्रोग्राम चालवला आणि तो नेमका तेव्हाच अडकला.

"आउटपुट कुठंय?" परीक्षक म्हणाले.

"सर, ह्यो कधी कधी अडकतो. का अडकतो ते सांगते की."

"अडकणारा प्रोग्राम दाखवायला आलीस होय?" ते दीपमालाकडे वळले. "काय मॅडम, हेच शिकवता का?"

सुप्रियाही तिच्याकडेच बघत होती. मीच तसं सांगितलंय, एवढंच वाक्य बोलायचं होतं. दीपमालाने शेखर सरांकडे पाहिलं. नव्या वर्षाच्या नेमणुका त्यांच्याच हातात होत्या.

"तयारी कमी पडली तिची," दीपमाला म्हणाली.

पंचवीसपैकी सुप्रियाला दहा मिळाले, म्हणजे कसंबसं पास. झेरॉक्सवाल्या मुलांचं आउटपुट जर्नलमध्ये सुबक चिकटवलेलं होतं. त्यांना सरसकट बावीस. दीपमालाने यादीखाली सही केली. जूनमध्ये तिला पुन्हा घेतलं. तिच्या आईने, कौशल्याबाईंनी, लेकीसाठी देवापुढे नारळ फोडला आणि हातावर ठेवलेलं खोबरं दीपमालाने तसंच ताटलीत ठेवून दिलं.

पुढच्या सत्रात त्याच वर्गाला तिचा दुसरा विषय होता. सबमिशनच्या रांगेतून सुप्रियाने फाइल पुढे केली. ओळ न ओळ इतरांसारखीच.

"हे तू लिहिलंस?" दीपमालाने विचारलं.

"न्हाई मॅडम. ग्रुपवरनं घेतलंय."

"अगं, पण तुला येतं की!"

"येतं," सुप्रिया म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "पन साठ टक्क्यांच्या खाली कंपन्या मुलाखतीलाच बसू देत न्हाईत. औंदा अडकून चालायचं न्हाई मला."

दीपमालाने फाइलवर बावीस लिहिले आणि खाली सही केली.

"थँक्यू मॅडम," म्हणत सुप्रिया बाजूला झाली आणि मागच्या मुलीला पुढे यायला तिने जागा करून दिली.